बाडिगे

हलगेकर मराठीत बोलायचे. गोड.
"वहिनी, आपलीच माणसं आपण,
आपल्यात कसला कागद?"
म्हणून बारा वर्षं पावती नव्हती.

खासबागेतली खोली, नऊ बाय अकरा,
मागं सामाईक मोरी,
भिंतीपलीकडं गंगव्वा ढवळीचा माग.
खट्-खटाक, खट्-खटाक,
त्या ठेक्यावर मी पाढे पाठ केले,
कानडीत.

कानडी शाळेत घातलं म्हणून मावशीनं
दोन दिवाळ्या अबोला धरलेला.
"पोरगी घालवलीस," म्हणाली.
आई म्हणाली, शाळा जवळ आहे,
रस्ता ओलांडावा लागत नाही.
एवढंच कारण होतं.

बाबा गेले आणि चौथ्या महिन्यापासून
हलगेकर भाडं घेईनात.
"राहू दे वहिनी, पुढच्या महिन्यात."
असं तीनदा.
आईला वाटलं, दया.
गंगव्वानं माग थांबवला.
"दया नव्हं गं ती. थकबाकी विणालाय त्यो."

मनीऑर्डर करायला तिनंच लावलं.
दोनशे दहा रुपये. परत आले.
कोपऱ्यात पोस्टमनचं किरटं अक्षर: घेण्यास नकार.
पुन्हा दोनशे दहा. पुन्हा नकार.
आई ते नकार कुंद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची.
तुपाचे डाग पडायचे त्यांच्यावर.

जानेवारीत कौलं उतरवली. दुरुस्ती, म्हणाले.
सोळा कौलं, खानापूरची, मी मोजली.
भिंतीला नीट टेकवून ठेवलेली,
उद्याच चढवायची असल्यासारखी.
अंथरुणातून आभाळ दिसायचं, चौकोनी, गार.
मग फ्यूज गेला.
मग कागद आला, शिक्का, लाल रेघ, सगळं कानडीत,
आणि दारात स्वतः हलगेकर.
"कोर्टाचा हुकूम आहे, वहिनी. शनिवारपर्यंत.
आता माझ्या हातात काही नाही."

आईनं कागद माझ्याकडं दिला. मी सातवीत.
कंदिलाजवळ बसून बोट ठेवून वाचला,
शाळेत वाचतात तसा, मोठ्यानं.
बाडिगे म्हणजे भाडं.
बाडिगेदार म्हणजे आपण.
वर नाव वकिलाचं. खाली सही वकिलाची.
न्यायालय हा शब्द
उलटसुलट बघितला तरी कुठंच नव्हता.
"आई, हा हुकूम नाही. नोटीस आहे.
हे नुसतं मागतायत."
हलगेकरांनी माझ्याकडं बघितलं,
मला वाटतं, बारा वर्षांत पहिल्यांदा.

बायकांना वकील फुकट मिळतो
हे कोर्टाच्या आवारात चहावाल्यानं सांगितलं.
नदाफ मॅडमनी डबा उघडून आधी वास घेतला,
मग नकार मोजले. नऊ.
"पुरेत," म्हणाल्या.
"कोर्टानं सांगितल्याशिवाय कुणाला
उंबऱ्याबाहेर काढता येत नाही.
घर त्याचं असलं तरी.
कौलं काढणं, वीज तोडणं, हेही काढणंच."

साक्षीला गंगव्वा उभी राहिली, इरकलीत, घाबरत.
बारा वर्षं भिंतीतून यांचा पाटा ऐकते, म्हणाली.
भाडं दर पाच तारखेला माझ्या दारावरून जायचं.
पदराच्या गाठीत. मी बघितलंय.

तडेयाज्ञे, असं लिहिलं होतं हुकमावर.
गल्ली विचारत होती, काय म्हणतोय कागद?
मनाई हुकूम हा शब्द मला तेव्हा ठाऊक नव्हता.
मी म्हटलं, थांब म्हणालेत. त्यांना.

कौलं चढली. पंधराच. एक फुटलं होतं,
तिथं पत्र्याचा तुकडा, वाऱ्याला वाजणारा.

सहा वर्षांनी आम्ही ती खोली सोडली,
मला नोकरी लागली म्हणून, आमच्या सोयीच्या दिवशी.
आईनं फरशी पुसली, खिळेसुद्धा उपटून घेतले.
किल्ली पुढं केली, पण सोडली नाही.
"मिळाली म्हणून लिहून द्या," म्हणाली.
"मराठीत चालेल."